आबांच्या कानांसाठी

आबांचा सूर ढळतोय, हे मला गुरुजींनी सांगितलं. फाट्यावरून गावाकडे येणाऱ्या रस्त्यावर, सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालता चालता.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी पुण्याला एका कारखान्यात सोल्डरिंगच्या कामावर होते. आठवडाभर मावशीकडे राहायचं आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी एसटीनं पिरंगुटच्या पुढं फाट्यावर उतरून चालत भरे गावी घरी यायचं, असा माझा शिरस्ता होता. गुरुजी आमच्याच वस्तीतले. शाळेत शिकवायचे आणि आमच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. माझे वडील, आबा, त्या पार्टीचे मुख्य गायक. मला समजायला लागल्यापासून चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात पहिलं गाणं त्यांचंच असायचं. आबा गाणं उचलायचे आणि मागची आठ-दहा माणसं झेलायची.

"घरी बोलू नको," गुरुजी म्हणाले. "पण तालमीत आबांचं काही खरं नाही बघ. पहिलं कडवं नीट जातं. मग हळूहळू खाली उतरतात. मी पेटी दाबून धरतो, तरी त्यांना कळतच नाही."

"कुणी काही बोललं त्यांना?"

"कोण बोलणार? सगळे खाली मान घालून टाळ्या वाजवतात."

जयंतीला पाच आठवडे राहिले होते. त्या वर्षी माण गावची पार्टीही आमच्याकडे गायला येणार होती. तिच्यासमोर आपले आबा बेसूर गातायत आणि लोक एकमेकांकडे बघतायत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर तिथंच रस्त्यात उभं राहिलं. घरी पोचले तेव्हा आबा ओट्यावर बसून बुटातली खडी झाडत होते. मी हाक मारली, त्यांनी वर पाहिलं नाही. दुसऱ्यांदा मोठ्यानं मारली तेव्हा म्हणाले, "आली व्हय. एसटीला गर्दी व्हती का?"

आबा खडीमशीनवर कामाला होते. डोंगराच्या पायथ्याशी दगड फोडायचं ते मशीन दिवसभर असं धडधडायचं, की पलीकडच्या माणसाशी हातानं खुणा करूनच बोलावं लागे. तिथं त्यांची चौदा-पंधरा वर्षं गेली. कानात चिंधीचे बोळे घालायचे, पण त्यानं काय होणार? आदल्या वर्षी मी त्यांना पुण्यातल्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, कानातल्या नसा गेल्यात, त्या परत येत नाहीत. बारीक आवाज ऐकू यायचे नाहीत, मोठे येतील, पण फार मोठे झाले तर टोचतील. खिशात ठेवायचं कानाचं यंत्र तिथं लावून पाहिलं होतं. ते इतकं शिट्ट्या मारायचं, की आबांनी ते टेबलावर ठेवलं आणि दारापाशी जाऊन उभे राहिले.

त्या रात्री जेवताना मी आईला हळूच विचारलं. तिलाही काहीतरी जाणवलं होतं. म्हणाली, "तुजा बाप पेटीला कान लावून बसतोय आताशा. मला वाटलं, पेटीत काय बिघाड झालाय."

पेटीला कान लावून. म्हणजे आवाज मोठा आणि जवळ असला तर त्यांना सूर कळत होता. ही गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. कारखान्यात आमच्या तपासणीच्या टेबलावर एक जाड हेडफोन होता. तयार झालेल्या सर्किटच्या पाट्यांमधून येणारा बारीक आवाज त्यात मोठा होऊन ऐकू यायचा. दोन दिवस मी त्या हेडफोनकडे नुसती बघत होते. तिसऱ्या दिवशी तपासणी करणाऱ्या बाईंना विचारलं, की पेटीजवळ छोटा माइक ठेवला आणि त्याचा आवाज असा कानात सोडला, तर ऐकू कमी येणाऱ्या माणसाला चालेल का? त्या म्हणाल्या, "चालायला हवं. पण मध्ये एक अॅम्प्लिफायर लागेल. हे आपलं टेबल काही तुला नेता यायचं नाही." आणि त्यांनी पेठेतल्या एका रेडिओ मेकॅनिकचा पत्ता दिला.

मेकॅनिकचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा होती. साठीच्या आसपासचे गृहस्थ, अंगात पांढरा सदरा, चष्म्यावर आणखी एक भिंग लावलेलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग फळीवरून दोन यंत्रं काढून माझ्यासमोर ठेवली.

"याच्यापेक्षा स्वस्त आहेत, पण ती मी तुम्हाला देणार नाही. महाग आहेत ती तुम्हाला नकोत. मधल्या किमतीत ही दोन. हे व्हॉल्व्हचं, हे ट्रान्झिस्टरचं."

व्हॉल्व्हचं यंत्र पत्र्याच्या पेटीत होतं, वर दोन काचेचे व्हॉल्व्ह उभे. ते विजेवर चालायचं. बटण दाबल्यावर अर्धा मिनिट काहीच होत नसे, मग काचेच्या आत तांबूस तार दिसू लागे आणि आवाज हळूहळू वर येई. ट्रान्झिस्टरचं यंत्र जेवणाच्या डब्याएवढं होतं. त्यात सेल घालायचे, बटण दाबलं की लगेच सुरू. त्यांनी दोन्हींवर रेडिओ लावून मला हेडफोन दिला. व्हॉल्व्हमधून आवाज भरीव यायचा. मोठा केला तरी कान दुखत नव्हता. ट्रान्झिस्टरचा आवाज स्वच्छ होता, शब्द न् शब्द सुटा. पण मोठा केला की एका ठिकाणी कर्कश व्हायचा.

"मला विचाराल तर व्हॉल्व्ह," ते म्हणाले. "कानाला त्रास असलेल्या माणसाला गोड आवाज द्यावा."

"यात किती वीज असते?"

"आत अडीचशे व्होल्टच्या आसपास. पण मध्ये ट्रान्सफॉर्मर आहे, ताई. ती वीज कानापर्यंत जात नाही."

अडीचशे हा आकडा मी ऐकला आणि पुढचं काही नीट ऐकलंच नाही. दोनच महिन्यांपूर्वी आमच्या कारखान्यात एका मुलीचा हात चुकून उघड्या जोडणीला लागला होता. ती स्टुलासकट मागे फेकली गेली. हातातल्या बांगड्या फुटून जमिनीवर पसरल्या होत्या. ती वाचली, पण पुढं कित्येक दिवस मी प्रत्येक तार दोनदा बघून हात लावायची. आणि आता तसली वीज पोटात असलेलं यंत्र मी माझ्या बापाच्या दोन्ही कानांना जोडणार होते. तालीम व्हायची त्या आमच्या विहारात वीज होती, पण अर्थिंगची तार कुणीतरी कधीच कापून नेली होती.

मी म्हटलं, दोन्ही नेऊन बघू का? त्यांनी भिंग वर केलं आणि माझ्याकडे पाहिलं. तपासणीच्या बाईंचं नाव त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. "आठ दिवस," ते म्हणाले. "जे नको ते परत आणा. माइक आणि हेडफोन मी देतो. काच जपा."

त्या शनिवारी एसटीत ती व्हॉल्व्हची पेटी मी मांडीवर घेऊन बसले होते. खाली मावशीची जुनी गोधडी, वर माझे दोन्ही हात. शेजारची बाई म्हणाली, "काय, देव हायेत व्हय?" मी नुसती मान हलवली. चांदणी चौकाच्या चढावर गाडी गचके खायला लागली, तेव्हा मी पेटी उचलून अधांतरी धरली. फाट्यावर उतरले तोवर दंड भरून आले होते. तिथून गावापर्यंत चालताना मी एकच विचार करत होते, की आबांना सांगायचं काय. तुमचा सूर जातोय म्हणून हे आणलं, असं म्हणायची माझी छाती नव्हती.

मी खोटं बोलले. म्हटलं, "आबा, कारखान्यात हे नवं निघालंय. पेटी जवळ ऐकू येते. गायकाला सोपं जातं."

त्यांनी हेडफोन हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "कानाला डबं लावून गायचं?"

"तालमीत बघा तर."

संध्याकाळी विहारात तालीम होती. मी आधी जाऊन अर्थिंगची व्यवस्था केली. तांब्याची तार घेतली, बाहेर ओल्या जागी लोखंडी गज ठोकला, तार त्याला बांधली. तरी मन मानेना. व्हॉल्व्हचं यंत्र सुरू करून हेडफोन आधी स्वतःच्या कानाला लावला. मग एक हात भिंतीला टेकवून, मग ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून पाहिलं. काही झालं नाही. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "तुज्या जिवाला काय झालं असतं तर?" तसा विचारच माझ्या मनात आला नव्हता.

आबांनी हेडफोन लावला. गुरुजींनी पेटीत माइक ठेवला आणि काळी चार दाबली. आबांच्या पट्टीचा तो सा होता. आबांचा चेहरा मी बघत होते. त्यांनी डोळे मोठे केले, मग गुरुजींच्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "आरं, ही पेटी लई दिसांनी बोलली माज्याशी."

पार्टीतली माणसं हसली. मलाही हसू आलं. आबांनी गाणं उचललं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्या कडव्याला गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी होती. आबा खाली आले होते. फार नाही, अगदी थोडे. पण तिथंच चिकटून बसले होते. गुरुजी सा दाबून धरत, तरी आबा त्याच्या खालीच.

गाणं संपल्यावर गुरुजी म्हणाले, "मला दे जरा ते." त्यांनी हेडफोन कानाला लावला आणि बराच वेळ काही न वाजवता बसून राहिले. मग मला म्हणाले, "पेटी बंद असताना यात मागं काय वाजतं?"

मी ऐकलं. बारीक घूं असा एक आवाज होता. व्हॉल्व्हच्या यंत्रात विजेची गुणगुण असतेच, कारखान्यात आम्ही ती रोज ऐकायचो. ऐकायचो म्हणजे कान तिकडं जातच नसे. गुरुजींनी पेटीवर बोटं फिरवून तो आवाज शोधला. तो काळी चारच्या किंचित खाली होता, पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठंतरी. पेटी थांबायची, भाता बदलायचा, पण ही गुणगुण अखंड चालू. आबांच्या कानाला जाड, खालचे आवाजच नीट कळायचे. ते पेटी सोडून या गुणगुणीला धरून गात होते.

"म्हणजे यंत्रामुळं सूर खाली येतोय," गुरुजी मला म्हणाले. पण ते मोठ्यानं बोलले, आणि आबांनी तेव्हा हेडफोन काढलेला होता, आणि त्यांची नजर गुरुजींच्या ओठांवर होती.

"सूर खाली येतोय?" आबांनी विचारलं.

ढोलकीवाल्यानं ढोलकीची दोरी ओढून पाहिली.

"आजच येतोय, का आधीपासनं?"

गुरुजींनी पेटीचं झाकण लावलं, परत उघडलं. "आबा, थोडं थोडं. मागल्या वर्षीपासून."

आबांनी एकेकाकडं पाहिलं. ढोलकीवाल्याकडं, मागं बसलेल्यांकडं, शेवटी माझ्याकडं. "तुलाबी ठावं व्हतं," ते म्हणाले. हा प्रश्न नव्हता. मग त्यांनी हेडफोनची तार नीट गुंडाळली, यंत्रावर ठेवली आणि चपला घालून घरी निघून गेले.

तो रविवार माझ्या आयुष्यातल्या वाईट दिवसांपैकी आहे. आबा माझ्याशी बोलले नाहीत. रागावलेही नाहीत. सकाळी उठून शेळीला पाला आणायला गेले, आल्यावर कुंपणाच्या काट्या बांधत बसले. आईनं मात्र मला सोडलं नाही. "बरं चाललं व्हतं त्यांचं," ती म्हणाली. "न्हाई कळत तर न्हाई कळत. तुला कुणी सांगितलं व्हतं हे डबं आणायला?" मी चुलीपाशी बसून राहिले. मला वाटत होतं, की मी त्यांचं गाणं वाचवायला गेले आणि उरलंसुरलं होतं तेही घालवलं. आता ते गायलेच नाहीत तर? जयंतीला पहिल्या ओळीत ती जागा रिकामी राहिली तर सगळे विचारतील, आणि उत्तर माझ्याकडे येईल. दुपारची एसटी पकडायची होती. मी व्हॉल्व्हची पेटी गोधडीत गुंडाळायला घेतली. ट्रान्झिस्टरचा डबा हातात घेतला तेव्हा मागून आबांचा आवाज आला.

"त्यो दुसरा कसा हाय?"

मी मागं वळले. "हा सेलवर चालतो. याला विजेची गुणगुण नाही."

"मग हाच का न्हाई लावला पयला?"

"मोठा केला की टोचतो. मला वाटलं तुम्हाला त्रास होईल."

ते खाली बसले. "गुरुजीला बोलाव."

गुरुजी पेटी खांद्यावर घेऊन आमच्या घरीच आले. आबांनी हेडफोन लावला. काळी चार वाजली आणि मागं काहीच नव्हतं, नुसती शांतता. आबा हळू आवाजात गायले. कडवं पुरं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. गुरुजींनी पेटीवरून एक बोट उचलून मला खूण केली, जमतंय. पण आबांचा डावा डोळा बारीक होत चालला होता. वरच्या सुरांना ते मान आखडून घेत होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "सुई घातल्यावाणी व्हतंय. पर सूर कळतोय."

"मग नको," मी म्हटलं.

"नको कसं? हेच ठेव," ते म्हणाले. "दुखलं तर दुखलं."

मी यंत्र तिथंच ठेवलं नाही. दोन्ही घेऊन पुण्याला आले. एसटीत मला तो बारीक झालेला डोळा दिसत होता. डॉक्टरांचं म्हणणं आठवत होतं, फार मोठे आवाज टोचतील. टोचून टोचून उरलेलंही गेलं तर? एका यंत्रात विजेची भीती होती आणि सूर चुकत होता, दुसऱ्यात सूर बरोबर होता आणि कान दुखत होता. मी कोणतंही घेतलं असतं तरी दोष माझाच होता. मावशीकडे दोन रात्री मला धड झोप लागली नाही.

मंगळवारी कामावरून सुटल्यावर दुकानात गेले. मेकॅनिकना गुणगुणीचं सांगितलं तेव्हा त्यांनी व्हॉल्व्हचं यंत्र सुरू करून हेडफोन कानाला लावला. बराच वेळ ऐकलं.

"खरंच आहे की," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं ऐकतोय, मला ती ऐकूच येईनाशी झाली." त्यांना ते लागलं असावं. व्हॉल्व्हवर त्यांचा जीव होता. ते यंत्र फळीवर ठेवताना त्यांनी ते फडक्यानं पुसलं.

मग ट्रान्झिस्टरचा डबा उघडला. आत एक छोटी पाटी होती, मी कारखान्यात रोज हाताळायची तसलीच. त्यांनी पेन्सिलीनं कागदावर आकृती काढली. "इथं एक कंडेन्सर टाकला तर वरचे टोकदार आवाज कमी होतील. पेटी थोडी बोथट ऐकू येईल, पण टोचणार नाही. किती मोठा टाकायचा ते मात्र कान सांगेल. आणि तो कान इथं नाही."

त्यांनी मला तीन वेगवेगळे कंडेन्सर दिले. पहिला तिथंच लावायला सांगितला, त्यांच्या समोर, त्यांच्या सोल्डरिंगच्या कांबीनं. "तुमचं कामच आहे हे. करा." कारखान्यात दिवसाला शेकडो जोडण्या करणारी मी, त्या एका जोडणीला तीनदा थांबले. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "जोडणीचा डाग चांगला बसलाय." बाकीचे दोन आणि एक जुनी कांब त्यांनी बरोबर दिली.

पुढच्या सुट्टीला घरी आबांनी त्या पहिल्या कंडेन्सरवर गाऊन पाहिलं, तर त्यांचा डोळा तसाच बारीक झाला. दुसरा लावला. आबा म्हणाले, "आता बरं हाय, पर पेटी घोंगडं पांघरल्यागत वाटतीय." तिसरा, या दोहोंच्या मधल्या मापाचा, लावला. या वेळी ते काही बोलले नाहीत, सरळ गाणं सुरू केलं. मान आखडली नाही. आई चुलीपाशी बसली होती, तिनं फुंकणी खाली ठेवली आणि तिथूनच ऐकत राहिली. गाणं झाल्यावर गुरुजींनी विचारलं, "काय गं, हेच का?" मी म्हटलं, "हेच."

मेकॅनिकना पैसे दिले आणि ते यंत्र आमचं झालं. पण माझी काळजी काही सुटली नाही, नुसती जागा बदलून बसली. जयंतीच्या आधीच्या आठवड्यात मी कारखान्यात कामाला बसले की मनात एकेक गोष्ट यायची. सेल ऐनवेळी उतरले तर? माइक पेटीतून निसटला तर? लोक हसले तर?

हसले ते खरंच. मंच म्हणजे फळ्या टाकून केलेली बैठक होती, पुढं सतरंज्यांवर सगळी वस्ती, बाजूला माणची माणसं. दिवस नुकताच मावळला होता. आबा हेडफोन लावून पुढं येऊन बसले तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "इमान चालवतोय का काय!" खसखस पिकली. मी खाली पहिल्या रांगेत होते, माझे कान तापले. आबांना अर्थातच ते ऐकू आलं नव्हतं. त्यांच्या कानात फक्त पेटी होती. त्यांनी डोळे मिटले आणि गाणं उचललं.

पहिलं गाणं नीट पार पडलं. दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला आबांनी हात वर नेला, त्यांची गाताना हात हलवायची सवयच होती, आणि हेडफोनच्या तारेला हिसका बसला. त्यांचा चेहरा एकदम कोरा झाला. ते गात होते, पण डोळे उघडून गुरुजींकडं बघत होते. मला कळलं, आवाज गेलाय. मी उठले, मंचाच्या मागून चढले आणि रांगत त्यांच्या पाठीशी गेले. तिथं ठेवलेल्या यंत्रात खुपसलेली पिन सैल झाली होती. दाबली की आवाज यायचा, सोडली की जायचा. सोल्डरिंगची कांब घरी होती. मी पिन दोन बोटांनी दाबून धरली आणि तशीच बसून राहिले.

आबांचा सूर परत जागेवर आला. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती आणि गुरुजींचा अर्धा चेहरा. किती वेळ गेला ते कळत नव्हतं. बोटं बधिर झाली, तरी मी ती हलवत नव्हते. हात बदलायला गेले आणि तेवढ्यात आवाज गेला तर? दुसरं गाणं संपलं, टाळ्या झाल्या. आबांनी मागं हात आणून यंत्र चाचपलं. त्यांची बोटं माझ्या हाताला लागली. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. हात तसाच क्षणभर ठेवला, मग उचलला आणि तिसरं गाणं धरलं.

तिसऱ्या गाण्यात वरच्या कडव्याला ते एकदा घसरले. गुरुजींनी सा दाबून धरला, आणि आबा तो धरून परत आले. एवढंच चुकलं. नंतर माणच्या पार्टीतला एक म्हातारा गायक आबांजवळ येऊन मोठ्यानं म्हणाला, "आवाज जुना झाला गड्या, पर सूर हाय." आबांनी मान डोलावली. त्यांना किती ऐकू आलं, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पिनेची जागा नव्यानं सोल्डर केली. पुढं दोन जयंत्या आबा त्या यंत्रावर गायले. तिसऱ्या वर्षी तालमी सुरू व्हायच्या आधी ते स्वतःच गुरुजींकडे गेले आणि म्हणाले, "औंदा दुसऱ्या कुनालातरी उभं करा. मी मागं बसून झेलतो." त्या वर्षी वस्तीतली एक सून पुढं उभी राहिली. आवाज पातळ, पण पक्का होता. आबा मागच्या ओळीत हेडफोन न लावता बसले आणि टाळ्या वाजवत राहिले.

खडीमशीनचं काम त्यांनी त्याच सुमारास सोडलं. मग संध्याकाळी ते रेडिओला तार जोडून हेडफोनवर बातम्या ऐकायचे. एकदा ते पाणी प्यायला उठले असताना आईनं सहज हेडफोन उचलून कानाला लावला. त्या दिवशी रेडिओवर कुणीतरी बाई भाकरीच्या पिठाबद्दल काहीतरी सांगत होती. आबा परत आले, तरी आईनं तो काढला नाही. ते समोर उभे राहिले, तिनं हातानं त्यांना बसायला सांगितलं. कार्यक्रम संपेपर्यंत ती तशीच बसली होती, आणि आबा तिच्या तोंडाकडं बघत, आपली पाळी येण्याची वाट बघत होते.